फळा, खडू आणि कानातला आवाज

गोपाळकाल्याच्या दिवशी ठाण्यात टेंभी नाक्यावर उभे राहून हंडी पाहण्याची आमची जुनी सवय आहे. गर्दीतले सगळे जण माना वर करून सर्वांत वरच्या चिमुरड्या गोविंदाकडे पाहत असतात. आम्ही अलीकडे खाली पाहू लागलो आहोत. खालच्या थरातील माणसांना काहीच दिसत नाही. माना खाली, हात एकमेकांच्या खांद्यांवर. वर किती थर लागले, कोण चढतो आहे, कोणाचा पाय थरथरतो आहे, यातले त्यांना काही कळत नाही. वरच्याला बरेच दिसते, पण ढोल-ताशांच्या आणि ध्वनिवर्धकांच्या कल्लोळात त्याचा आवाज खाली पोचत नाही. म्हणून पथकाचा एक जाणता माणूस मनोऱ्यापासून चार पावले दूर उभा राहतो. तो कोणाचेही वजन पेलत नाही. तो फक्त पाहतो आणि शिट्टीने खुणा करतो.

एका वर्षी आमच्यातल्या एका शिक्षिकेने विचारले, "या माणसाची शिट्टी काढून घेतली, तर हंडी फुटेल का?" चांगलीच चर्चा रंगली. सराव पक्का असेल तर फुटेल, असे कोणी म्हणाले. फुटेल, पण कोणाचे तरी हाडही मोडेल, असे दुसरे म्हणाले. सायकल शर्यतींचे वेड असलेल्या एका सहकाऱ्याने मग सांगितले, की हाच वाद युरोपातल्या व्यावसायिक सायकल शर्यतींत गेली अनेक वर्षे चालू आहे. तिथे शिट्टीच्या जागी कानातला रेडिओ आहे, एवढाच फरक. त्या वादाचा इतिहास आम्ही जमवू लागलो आणि असे लक्षात आले, की त्यात आपल्या आठवी-नववीच्या पुस्तकातले बरेच विज्ञान दडले आहे.

रेडिओची गरज का पडते, हे कळायला आधी वारा समजून घ्यावा लागेल. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या. वेग दुप्पट केला तर या कामासाठी शक्ती आठपट लागते. पण पुढे दुसरा सायकलस्वार असेल, तर त्याच्या आडोशाने मागच्याची शक्ती पाव ते एक तृतीयांश वाचते. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर याहूनही जास्त. बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा संगणकावर आणि वातबोगद्यात अभ्यास केला. घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला असणाऱ्याला एकट्या सायकलस्वाराच्या तुलनेत केवळ ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो, असे त्यांना आढळले. तिथला माणूस जणू वाऱ्यावर स्वार होऊन जात असतो.

असे असेल तर घोळका सोडून पुढे पळण्याचा वेडेपणा कोणी का करावा? कारण घोळक्यात राहिले, तर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये सुसाट धावणारे गडी जिंकणार, हे ठरलेलेच असते. ज्याच्या पायांत तशी धाव नाही, त्याला आधीच निसटावे लागते. मग चार-पाच जण निसटतात, आळीपाळीने वारा खातात आणि घोळका त्यांचा पाठलाग करतो. लांब पल्ल्याच्या बऱ्याच शर्यतींचे नाट्य एवढेच असते. पाठलाग केव्हा सुरू करायचा, हा त्यातला कळीचा प्रश्न.

हे गणित फळ्यावर मांडण्यासारखे आहे. समजा, निसटलेले ताशी ४० किलोमीटरने चालले आहेत आणि घोळक्यापेक्षा ४ मिनिटे पुढे आहेत. म्हणजे अंतर सुमारे २.६७ किलोमीटर. घोळक्याने वेग वाढवून ताशी ४३ केला, तर दर तासाला ३ किलोमीटर भरून निघतात. सुमारे ५३ मिनिटांत, म्हणजे घोळक्याने ३८ किलोमीटर कापल्यावर गाठ पडते. रॉबेर शापात या फ्रेंच सायकलपटूने पुढे दूरचित्रवाणीवर समालोचन करताना एक ठोकताळा लोकप्रिय केला होता: घोळका दहा किलोमीटरमध्ये एक मिनिट भरून काढतो. चार मिनिटांना चाळीस किलोमीटर. आपल्या ३८ शी ताडून पाहा. ताशी ४० चे ४३ करणे वरवर किरकोळ वाटते, पण घनाचा नियम लावला तर हवेसाठी सुमारे २४ टक्के जास्त शक्ती लागते. ती घोळक्याच्या तोंडाशी राहून कोणीतरी खर्च करायची असते आणि ती कोणी करायची, यावर संघांची आपापसांत ओढाताण चालते.

इथे आमच्या मुलांनी एक चांगली शंका काढली. घोळका एवढा बलवान असेल, तर त्याने सुरुवातीपासूनच जोरात जावे. अंतर कळण्याची गरजच काय? बरोबर आहे. शक्ती फुकट असती, तर माहितीला काही किंमत राहिली नसती. ती मोजकी आहे आणि शेवटच्या धावेसाठी राखून ठेवायची आहे. लवकर गाठले तर नवे गडी निसटतात आणि पाठलाग पुन्हा पहिल्यापासून. उशीर केला तर शर्यत संपते. म्हणून जेवढ्यास तेवढा खर्च करायचा, तर अंतर मिनिटा-सेकंदांत कळायला हवे.

हे अंतर कळवण्याची सोय पूर्वी फारशी नव्हती आणि असू नये, अशीच संयोजकांची इच्छा होती. १९०३ मध्ये सुरू झालेल्या 'तूर द फ्रान्स' या शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना एकट्या माणसाची कसोटी पाहायची होती. १९१३ ची गोष्ट प्रसिद्ध आहे. युजेन क्रिस्तोफ या सायकलपटूच्या सायकलचा पुढचा चिमटा पिरेनीज पर्वतातल्या तूरमाले घाटाच्या उतारावर मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही, असा नियम. सायकल खांद्यावर टाकून तो सुमारे १४ किलोमीटर चालत खालच्या गावात गेला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने तो चिमटा स्वतःच्या हाताने सांधला. पंच शेजारी उभे होते. दोन्ही हात कामात असल्यामुळे भाता एका पोराने हलवला. ही बाहेरची मदत ठरली आणि क्रिस्तोफला वेळेचा दंड झाला! भाता हलवणाऱ्या पोराला जिथे मज्जाव, तिथे कानात कोणी सल्ला देणे ही कल्पनाच कोणाला सुचली नसती.

नियम पुढे सैलावले. संघ आले, संघांच्या मोटारी आल्या, सुटी चाके घेऊन फिरणारे मदतनीस आले. आणि आम्हां शिक्षकांना ज्याच्याविषयी खास जिव्हाळा वाटावा, असा एक माणूस आला. मोटारसायकलच्या मागच्या आसनावर बसलेला, हातात काळी पाटी आणि खडू घेतलेला. पुढे निसटलेल्यांचे क्रमांक आणि मिनिटे-सेकंद तो पाटीवर लिहितो, घोळक्यासमोर येऊन पाटी उंच धरतो, मग पुढे जाऊन निसटलेल्यांनाही तीच दाखवतो. सगळ्यांना एकच माहिती, एकाच वेळी, आणि पुढचा विचार ज्याचा त्याने करायचा. हे काम अजूनही चालते. २०१० मध्ये 'तूर'मध्ये क्लेर पेद्रोनो ही पहिली महिला पाटीवाली झाली.

पाटीवरून वाचलेल्या आकड्याचा अर्थ लावायला मात्र अनुभव लागायचा. दोनशे किलोमीटरच्या शर्यतीत पाच तास घाम गाळणाऱ्याने मनात भागाकार करायचा! म्हणून संघात एखादा जुनाजाणता गडी असायचा. तो स्वतः क्वचितच जिंके, पण पाठलाग कधी सुरू करायचा हे तो सांगे आणि इतर ऐकत. त्याला लोक रस्त्यावरचा कप्तान म्हणत.

मग रेडिओ आला. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेच्या 'मोटोरोला' संघाने तो शर्यतीत आणला. बिनतारी संच बनवणारी कंपनीच संघाची पुरस्कर्ती होती, तेव्हा यात नवल नाही. सदऱ्याच्या मागच्या खिशात छोटा संच, कानात चिकटपट्टीने बसवलेले बोंडुक, छातीपाशी बोलण्याचे बटण. मागच्या मोटारीत संघाचा मार्गदर्शक. थोड्याच वर्षांत त्या मोटारीत दूरचित्रवाणीचा छोटा पडदाही आला आणि घोळक्यामागे असलेल्या माणसाला घोळक्यापुढचे दिसू लागले. १९९० चे दशक संपेपर्यंत बहुतेक मोठ्या संघांनी रेडिओ स्वीकारला होता. त्याच्या लहरी काही किलोमीटर सहज जातात, पण मधे डोंगर आला की आवाज तुटतो. अवघड घाटात रेडिओ मुका होतो, ही तक्रार सायकलपटू अनेकदा करतात.

लवकरच कुरकुर सुरू झाली. प्रेक्षक म्हणू लागले, शर्यती यंत्रासारख्या झाल्या. निसटलेल्यांना शेवटच्या पाच-दहा किलोमीटरमध्ये हमखास गाठतात. हे खरे आहे का, हे ठरवण्यासाठी २००९ च्या 'तूर'मध्ये एक प्रयोग केला गेला. १४ जुलैचा लिमोज ते इसूदँ हा दहावा टप्पा बिनारेडिओचा. झाले काय? संघांचा प्रयोगाला विरोध होता. घोळका रमतगमत निघाला. चार जण निसटले, त्यांना शेवटाजवळ गाठले गेले आणि त्या काळचा सर्वांत वेगवान गडी मार्क कॅव्हेंडिश जिंकला. रेडिओ असता तरी बहुधा हेच झाले असते. तेराव्या टप्प्यावर ठरलेला दुसरा प्रयोग संघांच्या विरोधामुळे रद्द झाला.

विज्ञान शिकवणाऱ्याने या प्रयोगाकडे जरा थांबून पाहावे. चाचणी एकच. जिच्यावर प्रयोग करायचा तीच मंडळी नाराज. तुलनेसाठी तसाच दुसरा टप्पा नाही. यावरून रेडिओचा परिणाम होत नाही, असे सिद्ध झाले का? अजिबात नाही. रेडिओपूर्वीची वर्षे आणि नंतरची वर्षे यांची तुलना करावी, तर तीही फसवी. त्याच काळात मोटारीतला पडदा आला, पायांची शक्ती वॅटमध्ये मोजणारी उपकरणे आली, संघांचे पगार आणि शिस्त वाढली. यांतल्या कोणत्या कारणाने किती फरक पडला, हे वेगळे काढता येत नाही. तरीही यूसीआय या जागतिक सायकल संघटनेने टप्प्याटप्प्याने बंदी घालण्याचे ठरवले. २०११ मध्ये खालच्या श्रेणीच्या शर्यतींत ती लागू झाली. संघांनी जोरदार विरोध केला, बहिष्काराची भाषा झाली आणि सर्वोच्च श्रेणीत रेडिओ टिकून राहिला. जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिकमध्ये मात्र तो नाही.

म्हणूनच २५ जुलै २०२१ ची ऑलिंपिकची महिलांची शर्यत पुन्हा पुन्हा आठवावी लागते. टोकियोजवळ सुरू झालेली ही १३७ किलोमीटरची शर्यत. सुरुवातीलाच पाच जणी निसटल्या. त्यांत ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर होती. गणितात डॉक्टरेट मिळवलेली संशोधक. त्या वेळी ती कोणत्याही व्यावसायिक संघात नव्हती आणि आपल्या सरावाचे नियोजन स्वतःच करत असे. घोळक्याने या पाच जणींना फारसे मनावर घेतले नाही. अंतर एका वेळी दहा मिनिटांच्या वर गेले. सुमारे चाळीस किलोमीटर उरले असताना कीझेनहोफर आपल्या सोबतिणींनाही मागे टाकून एकटी निघाली. अखेरच्या काही किलोमीटरमध्ये घोळक्याने मधल्या दोघींना गाठले आणि नेदरलँड्सच्या बलाढ्य संघाला वाटले, आता पुढे कोणी नाही. त्यांची आनेमीक फान फ्लॉयटेन अंतिम रेषा ओलांडताना हात उंचावून आनंद करत होती. कीझेनहोफर १ मिनिट १५ सेकंद आधीच पोचली होती.

रेडिओ असता तर? पाठलाग नक्कीच आधी सुरू झाला असता. पण हाही एकच दाखला आहे आणि त्यात दुसरे कारण मिसळलेले आहे: ऑलिंपिकमध्ये मोठ्या संघांनाही चारच स्पर्धक मिळतात, त्यामुळे वारा खायला माणसे कमी. आमचे स्वतःचे मत असे, की रेडिओने कोणाच्या पायांत बळ येत नाही. निर्णयाची जागा मात्र खोगिरावरून मोटारीत जाते. रस्त्यावरच्या कप्तानाचे काम मागच्या आसनावरून होऊ लागते. हे चांगले की वाईट, यावर आमच्यात एकमत नाही.

आता जरा आपल्या रस्त्यावर येऊ. मुंबई-पुणे सायकल शर्यत मराठी वाचकांना नवी नाही. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. या घाटात रेडिओचा उपयोग किती? खोपोलीकडून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची चढायची. माणूस आणि सायकल मिळून ७५ किलो धरले, तर वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार येतो ३ लाख ६७ हजार ज्यूल. ३०० वॅट सतत देणाऱ्याला एवढ्या कामाला सुमारे साडेवीस मिनिटे लागतील, २७० वॅटवाल्याला पावणेतेवीस. घर्षण आणि हवा सोडून दिली आहे, हे मान्य. पण चढावर वेग ताशी १५ च्या आसपास असेल, तर हवेसाठी लागणारी शक्ती ताशी ४५ च्या मानाने सत्ताविसावा भागच उरते. आडोसा जवळजवळ निरुपयोगी. ज्याच्या पायांत दम तो पुढे. कानात कोणी काहीही सांगो.

घाटमाथ्यावर चित्र पालटते. लोणावळ्याहून पुण्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटरचा जवळजवळ सपाट रस्ता. शापातचा ठोकताळा लावला, तर एकट्या माणसाला टिकून राहायला सहा मिनिटांहून जास्त आघाडी हवी. आपल्या उदाहरणातल्या दमदार गड्याने घाटात मिळवली सव्वादोन. म्हणजे घाटाच्या राजाला पुण्याचे सिंहासनही हवे असेल, तर सोबत चार-पाच जोडीदार हवेत किंवा मागच्यांचा हिशेब चुकायला हवा. रेडिओ हीच चूक होऊ देत नाही. थोडक्यात, रेडिओला महत्त्व आहे का, या प्रश्नाला रस्त्याचा चढ विचारल्याशिवाय उत्तर नाही.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरणही मराठी माणसांचेच आहे. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पुरी करणारी पहिली भारतीय जोडी ठरले. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. इथे घोळका नाही, आडोसा नाही. रात्री तर मदतनिसांची मोटार पाठीशी असलीच पाहिजे, असा नियम आहे. दिवसेंदिवस अपुऱ्या झोपेवर सायकल चालवणाऱ्याचा मेंदू साध्या बेरजाही चुकू लागतो. किती प्यायचे, कुठे वळायचे, कधी झोपायचे, हे मोटारीतल्यांनीच ठरवायचे असते आणि त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. म्हणजे आमच्यातला जो पक्ष 'विचार सायकलवाल्यानेच केला पाहिजे' म्हणतो, त्यालाही कुठेतरी थांबावे लागते.

उरला सुरक्षिततेचा मुद्दा. रेडिओचे समर्थक सांगतात, पुढे खड्डा आहे, वळणावर तेल सांडले आहे, हे कानात सांगता येते. खरे आहे. पण एखाद्या गर्दीच्या उपनगरी स्थानकावर फलाट बदलल्याची घोषणा ऐनवेळी झाली, की काय होते, ते आठवा. माहिती प्रत्येकाच्या भल्याची, पण सगळ्यांना एकाच क्षणी मिळाल्यामुळे जिन्यावर चेंगराचेंगरी. तसेच वीस मोटारींतून वीस मार्गदर्शक एकाच वेळी सांगतात, "अरुंद वळण येत आहे, पुढे व्हा!" आणि दीडशेहून अधिक सायकलपटू एकाच अरुंद जागेत घुसू पाहतात. इशाऱ्यामुळेच अपघात, असा हा तिढा.

सप्टेंबर २०२४ मध्ये झ्युरिकच्या जागतिक अजिंक्यपदात या वादाला वेगळेच गांभीर्य आले. १८ वर्षांची स्विस सायकलपटू म्युरिएल फुरर पावसातल्या शर्यतीत जंगलातल्या उतारावर पडली. ती पडल्याचे बराच वेळ कोणाच्या लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. रेडिओ असता तर, असे अनेकांनी लिहिले. पण बेशुद्ध माणूस बटण दाबून बोलू शकत नाही. तिथे हवे होते ते आपोआप ठावठिकाणा कळवणारे यंत्र, उपग्रहांच्या मदतीने चालणारे. २०२५ मध्ये किगालीच्या अजिंक्यपदात सर्व स्पर्धकांना असे यंत्र देण्यात आले. डावपेच सांगणारा आवाज आणि जीव वाचवणारी खूण या दोन गोष्टी एकाच खोक्यात घातल्यामुळे इतकी वर्षे वाद गढूळ राहिला, असे आम्हांला वाटते.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातून 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय दर्जाची अनेक टप्प्यांची शर्यत झाली. पुन्हा कधी अशी शर्यत तुमच्या गावावरून जाणार असेल, तर एक सुचवतो. मार्गावरच्या सात-आठ शाळांनी आधी एकमेकींशी बोलून ठेवावे. प्रत्येक शाळेने रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून विजेचा एक खांब निवडावा. पहिल्या सायकलचे पुढचे चाक खांबापाशी आले की घड्याळ सुरू करावे, घोळक्यातल्या पहिल्या सायकलचे चाक तिथे आले की बंद करावे आणि तो आकडा लगेच पुढच्या शाळेला फोनने कळवावा. संध्याकाळी सगळे आकडे आलेखकागदावर मांडावेत: आडव्या अक्षावर किलोमीटर, उभ्यावर मिनिटे. रेषा कुठे चढते, कुठे आडवी होते आणि कोणत्या गावापाशी खाली वळते, ते पाहावे. ज्या गावापाशी ती वळली, तिथल्या मुलांना मात्र एक जास्तीचा प्रश्न विचारायला विसरू नये: घोळक्याच्या तोंडाशी कोणत्या रंगाचे सदरे होते?